जोडीच्या फ्रेममधले दोन तारे

६ ऑक्टोबर १९५७, रविवार, गिरगाव

रशियाने आकाशात चेंडू सोडला आणि इकडे लोकांनी माझा जीव खाल्ला. मी कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे आकाशातलं सगळं मला ठाऊक असणार अशी आमच्या अख्ख्या वाडीची समजूत. कालपासून दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत जो तो विचारतोय, त्रिलोकेकर, तो चंद्र आपल्या गच्चीवरून कधी दिसेल? मला काय मॉस्कोहून तार आली आहे?

आज परळच्या एका वाचनालयाचे चिटणीस रमाकांत आजगावकर येऊन गेले. त्यांना चोवीस नोव्हेंबरला माझं व्याख्यान हवं आहे, विषय अर्थातच रशियाचा चंद्र. मी साफ नाही म्हटलं. म्हटलं, बोलेन तर फुटणाऱ्या ताऱ्यांवर बोलेन. आजगावकर चहा संपवून म्हणाले की फुटणारे तर फुटणारे, पण शेवटी संयुक्त महाराष्ट्रावर चार वाक्यं हवीत, नाहीतर लोकांचं समाधान होत नाही. ताऱ्यांचा आणि मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्याचा काय संबंध, असं मी विचारलं. ते म्हणाले, संबंध लावायचा असतो.

आतल्या खोलीतून अण्णा सगळं ऐकत होते. अण्णा म्हणजे माझे वडील, सचिवालयातले निवृत्त हेडक्लार्क. पाहुणे गेल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "प्रोफेसर कोणी मिळाला नाही वाटतं त्यांना?"

माझं वय चौतीस आहे. अण्णांच्या मते डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रोफेसरांचा हमाल. माझ्या एकाही कार्यक्रमाला ते आजवर आलेले नाहीत. बी.एस्सी.च्या पदवीदानालाही नाही. त्या दिवशी त्यांना कोलंबी घ्यायला जायचं होतं.

९ ऑक्टोबर

आलं. चार महिन्यांपूर्वी अमेरिकेतल्या वेधशाळेला पत्र लिहिलं होतं, ते मी विसरूनही गेलो होतो. आज मोठा लिफाफा आला. आत दोन फोटो आणि तिथल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाचं टाइप केलेलं पत्र.

फोटो म्हणजे वीतभर लांबीच्या करड्या पट्ट्या. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून काढून पसरला की अशी पट्टी होते, त्याला वर्णपट म्हणायचं. डावीकडे जांभळा, उजवीकडे तांबडा, फक्त फोटोत रंग नसतात. मधे काळे-पांढरे जाड-बारीक पट्टे असतात आणि तीच त्या ताऱ्याची ओळख. पहिला वर्णपट आपल्या आकाशगंगेच्या शेजारपाजारी फुटलेल्या ताऱ्याचा. दुसरा कितीतरी पट लांब फुटलेल्याचा. दोन्ही पट्ट्यांवर नक्षी सारखी असेल तर लांबचा ताराही जवळच्यासारखाच फुटतो असं समजायचं. लांबच्याची नक्षी जराशी तांबड्या अंगाला सरकलेली असते, कारण तो आपल्यापासून दूर पळतो आहे. साधी गोष्ट आहे, पण अंगावर काटा आला.

कडेला बारीक अक्षरात आकडे आणि वर-खाली मोजमापाच्या रेघा आहेत. शास्त्रज्ञ लिहितात की दोघांतलं साम्य डोळ्यांत भरण्यासारखं आहे. मीही घाईघाईत पाहिलं, मला तसंच वाटलं.

अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला आणि विचारलं, "ही कुठल्या पंचाची किनार?"

११ ऑक्टोबर

हॉलमध्ये हातोहात फिरवले तर फोटोंचं भजं होईल. म्हणून कॉलेजातून येताना कुशाबाच्या दुकानात गेलो. कुशाबा सातारकडचा, पण तीस वर्षं गिरगावात फ्रेमा करतो. देव, पुढारी आणि घरोघरचे वाडवडील सगळे त्याच्याच काचेखाली आहेत. माणूस कसबी, पण स्वतःला फार शहाणा समजतो.

त्याने पट्ट्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि विचारलं, "जोडीचा फोटू म्हनायचा का ह्यो?" मी म्हटलं, हो, जोडीच समज, दोन्ही एकाच फ्रेममध्ये एकाखाली एक बसव. तो म्हणाला, "मग तुमी निर्धास्त जावा. जोडी कशी लावायची ते कुशाबाला शिकवायचं न्हाय."

कडेचं गिचमिड आणि वर-खालचे दाढीचे खुंट कापून टाकतो, असंही म्हणाला. मी तेव्हा घड्याळ बघत होतो. बहुतेक हो म्हटलं असावं.

१९ ऑक्टोबर

फ्रेम आली. सागवानी, आत सोनेरी पट्टी, दोन वर्णपट एकाखाली एक. देखणं काम केलं आहे गड्याने. कडेचे आकडे मात्र खरंच कापले. असो, मला आकड्यांची गरज नाही.

दुपारी जेवून फ्रेम खिडकीशी धरली, शांतपणे पाहू लागलो आणि पाहतो तर काय, दोघांत काहीच साम्य नाही. जवळच्या ताऱ्याचा जाड काळा पट्टा उजवीकडे, तांबड्या अंगाला. लांबच्याचा जाड पट्टा डावीकडे, जांभळ्या अंगाला. मी चार वेळा पाहिलं. फूटपट्टी लावून पाहिलं. कुठेच जुळत नाही.

आणि ते अमेरिकेतले गृहस्थ म्हणतात, साम्य डोळ्यांत भरतं. माझ्या डोळ्यांत तर फरक भरतोय.

२० ऑक्टोबर

झोप नाही. आता खात्री झाली आहे. लांबचे तारे आपल्या इथल्या ताऱ्यांसारखे फुटत नाहीत. तिथला कायदा वेगळा आहे. एवढ्या मोठ्या वेधशाळेतल्या लोकांच्या हे लक्षात आलं नाही, कारण ते रोज पाहतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताजी नजर लागते.

उर्मिलेला दाखवलं. माझी बायको शिवणकाम उत्तम करते, पण शास्त्राचा गंध नाही. ती म्हणाली, "अहो, मला तर ही एकच नक्षी वाटते. ब्लाउजच्या डाव्या-उजव्या बाहीसारखी." मी तिला समजावलं की ताऱ्यांना बाह्या नसतात. ती बरं म्हणाली आणि मटार सोलायला बसली.

मला तिचं वाईट वाटलं. इतका मोठा क्षण घरात घडतो आहे आणि हिला मटार सुचतात.

२७ ऑक्टोबर

अण्णांना सांगावं की नाही, असं आठवडाभर चाललं होतं. आज दुपारी कोलंबीचं भानोळं फर्मास झालं होतं, अण्णा खुशीत होते, मी तोंड उघडलं. म्हटलं, अण्णा, अमेरिकेतल्या लोकांची चूक मी पकडली आहे.

अण्णांनी घास खाली ठेवला. ताऱ्यात त्यांना रस नाही, पण साहेबाच्या नोटिंगमधली चूक पकडणं ही गोष्ट त्यांना बरोब्बर कळते. त्यांनी तीन प्रश्न विचारले. साहेबाने लेखी दिलंय का? हो. तुझ्याकडे कागद आहे का? हो, फ्रेममध्ये. दुसऱ्या कोणी आधी लक्षात आणून दिलंय का? नाही.

 हात धुवून आल्यावर त्यांनी चोवीस तारखेच्या व्याख्यानाची वेळ विचारली.

मी चौतीस वर्षांचा घोडा, पण खरं लिहितो, मोरीत जाऊन डोळे पुसले.

४ नोव्हेंबर

शोधाचं पत्र अमेरिकेला गेलं. मसुदा मी केला, अण्णांनी सुधारला. "आपल्या निदर्शनास आणून देण्यास खेद वाटतो" हे त्यांचं वाक्य. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पत्र बोटीने धाडलं. शोध काय मासळी आहे नासायला, असं ते म्हणाले. उर्मिला पोस्टात टाकून आली.

आजगावकरांना शोधाचं कळवलं तर ते उडालेच. लगेच हस्तपत्रक छापायला टाकलं. वर मोठ्या अक्षरात "गिरगावच्या मराठी संशोधकाने अमेरिकेची चूक दाखवली", खाली बारीक अक्षरात तारे. मी म्हटलं, आजगावकर, जरा अति होतंय. ते म्हणाले, दिल्लीने मराठी माणसाला हिणवायचं आणि आपण बारीक अक्षरात छापायचं का?

१२ नोव्हेंबर

अण्णा रोज संध्याकाळी चौपाटीवर निवृत्त लोकांच्या बाकावर बसतात. आज मी लांबून पाहिलं, ते हस्तपत्रकं वाटत होते. माझ्या नावाखाली निळ्या पेन्सिलीने रेघ मारून एकेकाच्या हातात देत होते.

मी दुसऱ्या रस्त्याने घरी आलो. समोर गेलो असतो तर त्यांना संकोच वाटला असता.

१८ नोव्हेंबर

अण्णांनी लग्नातला काळा कोट काढून उन्हात टाकला आहे. उर्मिला अजूनही फ्रेमकडे मान वाकडी करकरून बघते. काय बघतेस म्हटलं तर म्हणाली, काही नाही, तुम्ही म्हणता तर असेल.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कालचं सगळं आज लिहितो. 

व्याख्यान सहाला. काच फुटायला नको म्हणून कुशाबा स्वतः फ्रेम मांडीवर घेऊन ट्राममधून परळला आला. मी, तो आणि फ्रेम पाचलाच हॉलमध्ये पोचलो. आजगावकर सतरंज्या घालून घेत होते. स्टेजच्या मागे भिंतीवर ज्यांच्या देणगीतून वाचनालय झालं त्या शेटजींचा आणि त्यांच्या पत्नीचा, दोन वेगळे फोटो एका फ्रेममध्ये बसवून केलेला, जोडीचा फोटो आहे, दोघं एकमेकांकडे तोंड करून बसलेले. कुशाबा त्याच्यासमोर उभा राहिला आणि फुशारकीने म्हणाला की हे काम त्याचंच.

मग सांगू लागला. शेटजींचा फोटो मुळात दुसऱ्या अंगाला बघणारा होता. तसाच लावला असता तर नवऱ्याने बायकोकडे पाठ केल्यासारखं दिसलं असतं, अशुभ. म्हणून त्याने तो फोटोवाल्याकडून उलटा छापून घेतला. आता नीट बघा, म्हणाला, कोटाची बटणं बायकांसारखी झाल्यात, पण कोन बघतंय बटणं? तोंडं समोरासमोर आली म्हंजे झालं.

मी हसलो. मोठ्याने हसलो हो. आणि तेवढ्यात तो म्हणाला, "तुमची बी जोडी तशीच लावली की. दोघं एकाच अंगाला बघत व्हते, रुसल्यावानी. मग खालची पट्टी फिरवली आन् बसवली. ह्याला तर छापायचीबी गरज पडली न्हाय."

माझ्या पायाखालची सतरंजी सरकली म्हणतात तसं झालं. मी फ्रेम घेतली, खालच्या पट्टीवर हात ठेवून मनातल्या मनात ती फिरवली. जाड पट्टा आला जाड पट्ट्याखाली. बारीक आला बारीकाखाली. सगळी नक्षी जुळली, फक्त केसभर तांबड्या अंगाला सरकलेली, जशी असायला हवी तशीच. अमेरिका बरोबर होती. शास्त्रज्ञ बरोबर होते. मटार सोलणारी माझी बायको बरोबर होती. अख्ख्या जगात चूक फक्त दोघांची, कुशाबाची आणि माझी. त्यातही कुशाबाला निदान त्याचं कारण ठाऊक होतं.

मी आजगावकरांना कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं, शोध नाही. त्यांना आधी वाटलं फ्रेम हरवली. समजल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "त्रिलोकेकर, आजच्या दिवस शोध आहे म्हणा. हॉलमध्ये एकालाही कळणार नाही. उद्या नाही म्हणा, मी तुम्हाला अडवणार नाही."

आणि खरंच कोणाला कळणार नव्हतं. तेवढ्यात दारातून अण्णा आले. लग्नातला कोट, हातात छडी आणि मागे चौपाटीच्या बाकावरचे चार म्हातारे. अण्णा पहिल्या रांगेत बसले आणि शेजारच्यांना माझ्याकडे बोट दाखवून काही सांगू लागले. असं बोट त्यांनी माझ्याकडे जन्मात दाखवलं नव्हतं, म्हणजे कौतुकाचं. आज गप्प बसलो तर ते बोट माझं. बोललो तर पुन्हा प्रोफेसरांचा हमाल, आणि तोही चार म्हाताऱ्यांदेखत.

हॉल भरला. गिरण्यांतले कामगार, कारकून, मागच्या रांगांत प्रतापगडला पंतप्रधानांसमोर निदर्शनं करायला जाणारे संयुक्त महाराष्ट्र समितीचे स्वयंसेवक, कारण नंतर त्यांची तिथेच बैठक होती. आजगावकरांनी माझी ओळख करून देताना शोध हा शब्द सात वेळा वापरला. मी मोजला.

मी उभा राहिलो. अर्ध्या तासाचं पाठ केलेलं भाषण होतं, त्यातला एक शब्द आठवेना. मी म्हटलं, "माझी चूक झाली आहे, आणि ती मी तुमच्यासमोर दुरुस्त करणार आहे."

 अण्णांकडे मी पाहिलं नाही. कुशाबाला वर बोलावलं. तो बिचारा काय बिनसलं ते न कळून पक्कड घेऊन आला आणि तोंडात खिळे धरून त्याने स्टेजवर फ्रेम उघडली. तोवर मी सगळं सांगितलं, जोडीचा फोटो, फिरवलेली पट्टी, अमेरिकेला धाडलेलं पत्र, सगळं. बायकोच्या बाह्यांचंही सांगितलं. तिथे लोक खूप हसले. उर्मिला बायकांच्या बाजूला पदरात तोंड लपवून बसली होती, ती हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही.

मग मी खालची पट्टी फिरवली आणि वरच्या पट्टीला टेकवून धरली. पुढच्या रांगा उठून स्टेजशी आल्या. मी बोट ठेवत गेलो, हा पट्टा बघा, हा त्याचा जोडीदार, हा बघा, हा त्याचा. एक उंच कामगार, लालबागचा असावा, बराच वेळ पाहून म्हणाला, "म्हणजे इतका लांबचा, पण जळतो आपल्याकडच्यासारखाच?"

मी म्हटलं, "अगदी तसाच. म्हणून तर तो किती लांब आहे ते कळायची आशा आहे. दोघं एका जातीचे, मग जितका मंद दिसेल तितका लांब."

"आयला," तो म्हणाला, "मग शोध आहेच की. तुमचा नसेल."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर मागच्या स्वयंसेवकांनी सवयीने घोषणा दिली आणि अख्ख्या हॉलने "झालाच पाहिजे" म्हणून छप्पर उचललं. आजगावकर कृतार्थ झाले. संबंध आपोआप लागला.

अण्णा मात्र आपल्या जागेवर नव्हते. ते केव्हा उठले ते मी पाहिलं नाही. चारही म्हातारे त्यांच्याबरोबर गेले.

२७ नोव्हेंबर

अण्णा तीन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. उर्मिलेमार्फत बोलतात. मी समोर बसलेला असताना तिला विचारतात, तो चहा घेणार आहे का? मी तिला सांगतो, घेणार आहे.

अमेरिकेला माफीचं पत्र लिहिलं. घाईचं म्हणून हवाई टपालाने टाकलं. टाकून आल्यावर उर्मिला म्हणाली, अहो, पहिलं पत्र बोटीने गेलंय, ते ख्रिसमसच्या सुमाराला पोचणार. हे आठ दिवसांत. म्हणजे आधी तुमची माफी पोचणार आणि नंतर चूक.

मी कपाळाला हात लावला. आता तिसरं पत्र लिहायचं धाडस नाही. कुशाबाने मात्र फ्रेम नव्याने करून दिली, पट्ट्या सरळ लावून. पण त्याला ती बघवत नाही. म्हणतो, साहेब, तुमच्या शास्त्रासाठी केलं, पर जोडी रुसलेलीच दिसती.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज प्रतापगडला निदर्शनं. आमच्या वाडीतली तरणी पोरं सगळी गेली आहेत, सकाळपासून सामसूम.

मी चहा घेत होतो. अण्णा आले आणि उर्मिलेला हाक न मारता सरळ माझ्यासमोर बसले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. चार लोकांत नाक कापलंस, वगैरे. मी तयारीने बसलो.

ते म्हणाले, "एकतीस साली माझ्या खात्यातला एक कागद हरवला. साहेबाने विचारलं. मी सांगितलं, शिपायाच्या हाती दिला होता. धोंडू नाव त्याचं. त्याला काढून टाकलं. बायको दिवसांत होती त्याची."

मी कप खाली ठेवला.

"दोन महिन्यांनी कागद माझ्याच खणात सापडला. मागच्या फटीत गेला होता. मी तो फाडला."

उर्मिला दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला खुणेने आत जायला सांगितलं, पण ती गेली नाही. अण्णा खिडकीकडे बघत बोलत होते. धोंडू नायगावला बी.डी.डी. चाळीत राहायचा, म्हणाले, अजून असेल तर साठीला आला असेल. सव्वीस वर्षांत नायगावच्या बाजूला ते कधी गेले नाहीत. त्या दिवशी व्याख्यानाला परळला उतरले, तेव्हाही त्यांनी नायगावच्या दिशेला मान वळवली नाही.

मला वडिलांचा राग आला. आणि लगेच मायाही आली. मी म्हटलं, उद्या रविवार आहे, आपण दोघं जाऊ. त्यांनी होकाराची मान हलवली. मग छडीची मूठ चोळत बसले.

"तू उभा राहिलास तेव्हा पहिलं वाक्य काय बोललास रे?" त्यांनी विचारलं. "मला नीट ऐकू आलं नाही."

ते पहिल्या रांगेत, माझ्यापासून चार हातांवर बसले होते. पण मी सांगितलं. अण्णांनी डोळे मिटले आणि ते वाक्य ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी अडखळले, म्हणून मी पुन्हा सांगितलं.